नदीचे मूळ, ऋषीचे कूळ आणि खंड्याची जात

नवरात्र संपून आठ-दहा दिवस झाले असतील. दर महिन्याला न चुकता तपासणीसाठी येणाऱ्या एक काकू त्या दिवशी ठरलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी दवाखान्यात आल्या. त्यांचे वय ७४. रक्तदाब एरवी १३०-१४० च्या घरात असतो. त्या दिवशी तो १६८/९६ भरला. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. गोळी चुकली का, लोणचे-पापड वाढले का, झोप कशी आहे, असे नेहमीचे प्रश्न मी विचारले. झोपेचा विषय निघताच त्यांनी पिशवीतून कागदांची एक घडी काढून माझ्यापुढे ठेवली. एखाद्या तपासणीचा अहवाल असावा असे समजून मी चष्मा लावला. तो अहवालच होता, परंतु काकूंचा नव्हे, त्यांच्या कुत्र्याचा.

वाचकहो, काकूंच्या संमतीनेच हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. कुत्र्याची जात सांगणारी डीएनए चाचणी हा विषय आरोग्याच्या सदरात कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडेल. परंतु परदेशी राहणारी मुले-नातवंडे हौसेने ज्या वस्तू घरी आणतात, त्यांत आता हा संचही येऊ लागला आहे. आणि त्याच्या अहवालाने एका वृद्ध स्त्रीचा रक्तदाब वाढलेला मी स्वतः मोजला आहे. तेव्हा हा विषय माझ्या कक्षेत येतो, असे मी धरून चालतो.

खंड्या घरी आला तेव्हा

पाच वर्षांपूर्वी काकांचे निधन झाले. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूत. काकूंनी हळूहळू घराबाहेर पडणे सोडले. गुडघे दुखतात हे कारण होतेच. परंतु सकाळी उठावे तरी कोणासाठी, हे त्यामागचे खरे दुखणे होते. मधुमेह बळावला. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ८.४ वर गेली. ‘रोज अर्धा तास चाला’ असे मी प्रत्येक भेटीत सांगत असे आणि त्या प्रत्येक भेटीत मान डोलावत असत.

पुढच्या पावसाळ्यात इमारतीच्या वाहनतळात, एका स्कूटरखाली कुडकुडत बसलेले पिल्लू त्यांना दिसले. दोन दिवस त्यांनी त्याला पोळी कुस्करून दिली. तिसऱ्या दिवशी ते जिना चढून थेट दारात येऊन बसले. तांबूस अंग, उभे कान, वर वळलेली शेपटी. आपल्या गल्लीत दिसणाऱ्या कोणत्याही कुत्र्यासारखेच ते होते. त्याचे नाव खंड्या ठेवले गेले. वर्षभर माझ्या सांगण्याने जे झाले नाही, ते खंड्याने आठवड्यात करून दाखवले. सकाळी साडेसहाला तो दाराशी जाऊन बसे आणि काकूंना चपला घालाव्याच लागत. पुढच्या वर्षी एचबीए१सी ७.१ वर आली. औषधे तीच होती. चालणे तेवढे नवे होते.

यंदा गणपतीत मुलगा आला, तो कुत्र्याच्या डीएनए चाचणीचा संच घेऊनच. खंड्याच्या गालाच्या आतल्या बाजूने नमुना घेतला, परत जाताना तो बरोबर नेला आणि तिकडच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. महिन्याभराने अहवाल आला. त्यात जवळजवळ निम्मा भाग ‘निश्चित सांगता येत नाही’ या सदराखाली होता. उरलेल्या भागात जर्मन शेफर्ड, चाऊ चाऊ अशी पाच-सहा नावे होती, आणि त्यांतच सुमारे एक दशांश वाटा अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियरचा दाखवला होता. ही जात पिटबुलच्या गोतातली समजली जाते. मुलाच्या मनात धास्ती बसली. रात्री त्याने फोन केला : ‘‘आई, तू एकटी असतेस. खंड्याला कुणाकडे तरी देऊन टाक.’’

शेजारणीकडून ही बातमी सोसायटीच्या सचिवांपर्यंत गेली आणि त्यांनीही विचारणा केली. त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींच्या आणि त्यांच्या संकरातून झालेल्या कुत्र्यांवर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले होते व त्या यादीत या जातीचे नाव होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. परंतु लोकांच्या स्मरणात बंदीची बातमी राहते, ती रद्द झाल्याची राहत नाही.

‘‘डॉक्टर,’’ काकू म्हणाल्या, ‘‘चार वर्षं याला मी हातानं भरवते. कालपर्यंत हा खंड्या होता. आता रात्री तो पायाशी येऊन झोपला की मी दचकते. खरं काय ते तुम्ही सांगा.’’

मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नव्हे. ‘‘काकू, चार दिवस द्या,’’ असे सांगून मी त्यांना घरी पाठवले. त्या आठवड्यात एका पशुवैद्य मित्राकडे जाऊन बसलो आणि वाचता येईल तेवढे वाचले. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे मांडतो.

चाचणी नेमके काय करते?

कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. माणसाच्या पेशीत २३. २००५ साली टाशा नावाच्या बॉक्सर जातीच्या कुत्रीचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत अमेरिकेत जात ओळखण्याच्या चाचण्या सामान्य ग्राहकांना मिळू लागल्या. आज तेथे त्यांची किंमत साधारण शंभर ते दोनशे डॉलरच्या दरम्यान असते.

नमुना घेणे सोपे आहे. मऊ ब्रश किंवा कापसाची काडी कुत्र्याच्या गालाच्या आत अर्धा-पाऊण मिनिट फिरवायची. तत्पूर्वी त्याने काही खाल्लेले नसावे आणि दुसऱ्या कुत्र्याचे भांडे चाटलेले नसावे, एवढेच पथ्य. प्रयोगशाळेत त्या पेशींतील डीएनए वेगळा काढतात. संपूर्ण डीएनए वाचला जात नाही. कुत्र्याकुत्र्यांत जेथे फरक आढळतो अशा ठरावीक जागा तपासतात. सुरुवातीच्या चाचण्यांत या जागा काही शेकडा किंवा हजार असत. आता काही कंपन्या दोन लाखांहून अधिक जागा तपासतात.

यापुढची पायरी महत्त्वाची आहे. कंपनीजवळ निरनिराळ्या शुद्ध जातींच्या कुत्र्यांच्या डीएनएचा संग्रह असतो. आपल्या कुत्र्याच्या गुणसूत्राचा एकेक तुकडा त्या संग्रहाशी ताडून पाहतात आणि तो कोणत्या जातीशी अधिक जुळतो, हे संगणक गणिताने ठरवतो. म्हणजे अहवालातील टक्केवारी हे प्रत्यक्ष मोजमाप नसून तुलनेवरून बांधलेले अनुमान आहे. आपली हिमोग्लोबिनची तपासणी आणि ही टक्केवारी एका पंक्तीत बसवता येत नाहीत. ज्या जातीचा नमुना संग्रहात नाही, तिचे नाव अहवालात येऊ शकत नाही. तेव्हा जुळवणारे यंत्र त्यातल्या त्यात जवळचे भासणारे दुसरे नाव लावते, किंवा ‘सांगता येत नाही’ असे म्हणते.

टक्केवारीचा अर्थही समजून घेऊ. पिल्लाला आई-वडिलांकडून निम्मा-निम्मा वारसा मिळतो. चार आजी-आजोबांपैकी प्रत्येकाकडून सरासरीने २५ टक्के आणि आठ पणजी-पणजोबांपैकी प्रत्येकाकडून साडेबारा टक्के. म्हणजे एखाद्या जातीचा दहा-बारा टक्के वाटा खरोखरच असला, तरी त्याचा अर्थ त्या जातीचा एखादा पणजोबा असावा, इतकाच. त्याहून लहान आकडे तर अधिकच डळमळीत असतात. दोन कंपन्यांकडे एकाच कुत्र्याचा नमुना पाठवला, तर मोठे वाटे बहुधा जुळतात आणि किरकोळ वाट्यांची नावे बदलू शकतात.

गावठी कुत्रा म्हणजे भेसळ नव्हे

आता आपल्या खंड्याकडे येऊ. रस्त्यावरचा कुत्रा म्हणजे कोणत्या तरी चांगल्या जातींची सरमिसळ होऊन उरलेला गाळ, अशी आपल्याकडे सर्वत्र समजूत आहे. ती चुकीची आहे.

कुत्रा माणसाच्या सोबतीला येऊन किमान पंधरा हजार वर्षे झाली. आज आपण ज्यांना शुद्ध जाती म्हणतो, त्यांतील बहुतेक मात्र गेल्या दीड-दोनशे वर्षांतल्या आहेत. लंडन येथे १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला. ठरावीक रूपाची कुत्री निवडायची, त्यांचाच आपसांत संयोग घडवायचा आणि वंशावळ नोंदवहीत लिहायची, ही पद्धत त्या काळात रूढ झाली. त्याआधी आणि त्यानंतरही, जगातील बहुसंख्य कुत्री कोणाच्या नोंदवहीत नसलेली, गावाच्या आधाराने राहणारी, आपला जोडीदार आपणच शोधणारी अशीच होती व आहेत.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १६१ जातींच्या साडेचार हजारांहून अधिक शुद्ध कुत्र्यांबरोबर, भारतासह ३८ देशांतील ५४९ गावठी कुत्र्यांचे डीएनए तपासले होते. गावठी कुत्र्यांत जनुकीय विविधता पुष्कळ आहे आणि अनेक प्रदेशांतील गावठी कुत्री हा तेथला जुना, स्वतंत्र वंश आहे, असे त्यातून दिसले. जाती म्हणजे मोठ्या नदीतून काढलेले पाट, असे समजा. पाटाच्या पाण्याची चव ओळखून तो कोणत्या नदीचा, हे सांगता येईल. परंतु नदीच्या पाण्याची ओंजळ घेऊन ‘हे कोणकोणत्या पाटांचे मिश्रण आहे?’ असे विचारले, तर येणारे उत्तर उलट्या प्रश्नाचे असते.

खंड्याच्या बाबतीत बहुधा हेच घडले, असे पशुवैद्य मित्राचे मत पडले. ज्या कंपन्यांच्या संग्रहात भारतीय गावठी कुत्र्यांचे नमुने आहेत, त्या अशा कुत्र्याला सरळ ‘भारतीय गावठी’ म्हणतात. ज्यांच्याकडे ते पुरेसे नाहीत, त्यांचे यंत्र परदेशी नावांची जुळवाजुळव करते. शहरांतून परदेशी जातींच्या कुत्र्यांशी संकर होतच नाही असे नाही. परंतु किरकोळ टक्क्यांवरून ते सिद्ध होत नाही. आपल्याकडचे कारवान, मुधोळ किंवा राजापालयम ही गोष्ट निराळी. त्या माणसाने मुद्दाम जपलेल्या देशी जाती आहेत. गल्लीतला खंड्या त्यांतला नाही, तसा तो परदेशी जातींची भेसळही नाही. ‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये’ ही आपली म्हण येथे शास्त्राच्या कसोटीवरही खरी उतरते.

रूप, जात आणि स्वभाव

जात कळली म्हणजे स्वभाव कळला, हा दुसरा गैरसमज. त्याचे मूळ रूपात आहे. चौकोनी जबडा दिसला की ‘पिटबुल’, उभे कान दिसले की ‘शेफर्ड’ असे आपण म्हणून जातो. अमेरिकेतील मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी कॉकर स्पॅनियल व बसेन्जी या दोन जातींचा संकर घडवून पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आणि १९६५ साली ते काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या संकरातून झालेली पुष्कळशी पिल्ले दोन्ही जातींपैकी कोणासारखीच दिसत नव्हती. याचे कारण पुढे जनुकांच्या अभ्यासातून उलगडले. २००९ साली असे आढळले की, कुत्र्यांच्या केसांची लांबी, कुरळेपणा, मिशा-भुवयांचे झुबके यांतले बहुतेक प्रकार अवघ्या तीन जनुकांच्या फेरफारांतून होतात. इतक्या थोड्या जनुकांवर रूप अवलंबून असेल, तर रूपावरून कूळ ओळखणे फसवे ठरणारच.

स्वभावाचे तसे नाही. तो असंख्य जनुके, पिल्लूपणीचे दिवस, मिळालेली वागणूक, भीती, दुखणी आणि शिकवण या सर्वांतून घडतो. एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून त्यांच्या वागणुकीची माहिती घेतली होती आणि सुमारे २,००० कुत्र्यांचे डीएनएही वाचले होते. कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक दिसतो, त्याचा केवळ ९ टक्क्यांच्या आसपासचा भाग जातीने समजावता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. शुद्ध जातीच्या कुत्र्याची ही कथा; मग पणजोबाच्या एका संशयित वाट्यावरून खंड्याच्या चार वर्षांच्या वागणुकीवर पाणी कसे सोडावे?

चाचणीचा उपयोग कोठे आहे?

ही चाचणी निरुपयोगी आहे, असे मात्र समजू नका. काही औषधे काही कुत्र्यांना विषासमान ठरतात. कोली आणि त्यांच्या गोतातील जातींत ‘एमडीआर१’ या जनुकात दोष आढळतो. हा जनुक मेंदूत शिरणारी काही औषधे बाहेर काढणारा पहारेकरी घडवतो. तो दुबळा असला, तर जंत-गोचिडांसाठी दिले जाणारे आयव्हरमेक्टिन मोठ्या मात्रेत जिवावर बेतू शकते, आणि आपल्या घरी जुलाबासाठी ठेवलेली लोपेरामाइडची गोळीसुद्धा. असा दोष चाचणीत कळला, तर पशुवैद्य वेळीच सावध होतात.

माझ्या वाचकांसाठी याहून उपयोगी सूचना अशी की, आपल्या औषधांच्या डब्यातले काहीही कुत्र्याला परस्पर देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलही त्याला घातक ठरू शकते. डब्यातून खाली पडलेल्या मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या कुत्रा चाटतो, हेही ध्यानी असू द्या.

मात्र रोगाचा अहवाल वाचणे हे जातीच्या अहवालापेक्षाही नाजूक काम आहे. २०१८ साली ‘नेचर’ नियतकालिकात काही तज्ज्ञांनी एक हकिकत लिहिली. १३ वर्षांच्या एका पग कुत्रीला चालता येईनासे झाले होते आणि मलमूत्रावर ताबा राहिला नव्हता. घरच्यांनी ६५ डॉलरची जनुकीय चाचणी केली. मज्जारज्जूच्या एका असाध्य आजाराशी संबंधित दोष तिच्यात निघाला. आता काही होणार नाही असे समजून त्यांनी तिला कायमचे झोपवले. वस्तुतः तो दोष असलेल्या फारच थोड्या कुत्र्यांना तो आजार होतो. तिचे दुखणे उपचारांनी बरे होण्याजोगे दुसरेच काही असण्याची शक्यता होती.

ही हकिकत वाचून मला माझे रुग्ण आठवले. सत्तरीनंतर पाठीचा एमआरआय काढला की मणक्यांची झीज दिसतेच. अहवालातील ते शब्द वाचून माणूस अंथरूण धरतो. खरे तर कालपर्यंत तो भाजी आणायला चालत जात असतो. अहवालाला प्रश्न विचारायचा तो समोरच्या देहाकडे पाहून. देहाकडे न पाहता वाचलेला अहवाल, कुत्र्याचा असो वा माणसाचा, दिशाभूल करतो.

वडीलधाऱ्यांच्या घरात विचारायचे प्रश्न

घरात वृद्ध माणूस आणि कुत्रा एकत्र राहत असतील, तर सांभाळ करणाऱ्यांनी जातीपेक्षा पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर दिली आहे का? पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्या वेळापत्रकाने. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. या एका प्रश्नापुढे बाकी सर्व प्रश्न दुय्यम आहेत.

२. तो ओढतो किती? २०१९ साली ‘जामा सर्जरी’मध्ये आलेल्या अमेरिकेतील अभ्यासानुसार, पट्टा धरून कुत्र्याला फिरवताना ६५ वर्षांवरील व्यक्तींची हाडे मोडण्याचे प्रमाण २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक झाले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि खुब्याचे हाड मोडणे विशेष आढळले. पट्ट्याचे वेढे मनगटाभोवती गुंडाळू नका. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवर बसणारा पट्टा वापरा. पायांत न घसरणाऱ्या चपला असाव्यात, आणि अंधारात व ओल्या फरशीवर बाहेर पडू नका. रात्री उठताना पायाशी झोपलेला कुत्रा अडखळवतो; म्हणून मंद दिवा ठेवा आणि त्याची जागा पलंगाच्या वाटेतून हलवा.

३. तो कशाने चिडतो? खाताना हात लावल्यास, झोपेतून दचकून उठवल्यास, अनोळखी माणूस घरात आल्यास तो कसा वागतो? एकाएकी स्वभाव बदलला, तर दुखणे असण्याचा संभव असतो, पशुवैद्यांना दाखवा.

४. आपली त्वचा आणि औषधे कोणती? वयाने त्वचा पातळ होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना साध्या ओरखड्यानेही पुष्कळ रक्त येते आणि मधुमेहात जखम चिघळते. कुत्र्याची नखे कापलेली असू द्या.

५. आपण आजारी पडलो किंवा रुग्णालयात दाखल झालो, तर त्याला कोण सांभाळणार? हे आजच ठरवून, फोन क्रमांकासह लिहून ठेवा. कुत्र्याच्या काळजीने रुग्णालयात राहण्यास नकार देणारे वृद्ध मी पाहिले आहेत.

आणि कोणत्याही कुत्र्याने चावले, मग तो घरचा असो, लसवंत असो वा उच्च कुळातला, जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पोटात चौदा इंजेक्शनांची धास्ती पुष्कळ ज्येष्ठांच्या मनात अजून आहे. ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता त्वचेत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दंडावर दिली जाते आणि सरकारी रुग्णालयांत ती मिळते.

पुढे काय झाले

चार दिवसांनी काकू खंड्याला घेऊन पशुवैद्यांकडे गेल्या. मीही सोबत गेलो. त्यांनी खंड्याचे दात, कान, सांधे पाहिले, खाताना भांडे हलवून पाहिले, अनोळखी मदतनिसाला जवळ बोलावून पाहिले. खंड्या भुंकला, मागे सरला, मग बिस्कीट घेऊन मदतनिसाच्या पायाशी बसला. त्यांनी एक दोष मात्र काढला : मांजर दिसले की तो जोराने ओढ घेतो. चार वर्षांत दोनदा आपला तोल गेल्याचे काकूंनी तेव्हा प्रथमच सांगितले. माझ्यापासूनसुद्धा त्यांनी ते लपवले होते. न जाणो, डॉक्टर खंड्याला दूर करायला सांगतील.

धोका होता तो येथे होता, आणि त्या चार पानांत त्याचा उल्लेख नव्हता. छातीचा पट्टा घेतला. ओढ न घेता चालण्याचे शिक्षण देण्यासाठी एक तरुण महिनाभर येऊ लागला. काकूंना मी गुडघ्यांचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम लिहून दिले. पशुवैद्यांचे पत्र आणि लसीच्या कार्डाची प्रत सचिवांना दिल्यावर त्यांनीही विषय मिटवला.

त्या रात्री मुलाशी बोललो. त्याची भीती मायेपोटी होती, हे मला दिसत होते. सात समुद्रांपलीकडून आईची काळजी घ्यायची तर अहवालाचाच आधार वाटतो. समोर बसून पाहणे त्याला शक्य नसते. ‘‘डॉक्टर, तुमची स्वतःची आई असती तर?’’ असे त्याने विचारले. मी म्हणालो, ‘‘कुत्रा ठेवला असता, आणि पट्टा बदलला असता.’’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मग शिकवणाऱ्या तरुणाचे पैसे आपणच पाठवू, असे म्हणाला.

दिवाळीनंतर काकू नेहमीच्या तारखेला आल्या. रक्तदाब १३६/८२. गोळीची मात्रा मी वाढवली नव्हती. अहवालाचे काय केले, असे विचारले, तर म्हणाल्या, ‘‘लसीच्या कार्डाच्या पाठीमागं ठेवलाय. कार्ड वर.’’

आपल्याही घरात खंड्या असेल, तर हा अंक खाली ठेवण्यापूर्वी त्याचे लसीचे कार्ड काढून पुढची तारीख कोणती आहे, ते पाहून घ्या.